बिया काढलेला खजूर

२०१९ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. ज्या वयात आमच्या दापोलीकडची माणसं पडवीत बसून दुसऱ्यांच्या बांधाचे वाद सोडवतात, त्या वयात मी अल ऐनच्या वाटेवरच्या एका खाजगी फार्मवर दोन हत्तिणींची वैरण तोलत होतो. आफ्रिकेच्या हत्तिणी. कागदावर त्यांची लांबलचक नावं होती. ती मला नीट उच्चारता आली नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी तसा प्रयत्नही केला नाही. मी थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरली म्हटलं की थोरली कान हलवायची. आणखी काय पाहिजे?

आता मी अबुधाबीत, खलिफा सिटीत मुलाकडे असतो. जुलै लागला की रस्त्याच्या मधोमध लावलेल्या खजुरींचे घोस पिवळे पडतात आणि पालिकेची माणसं शिड्या लावून त्यांना हिरवी जाळी बांधतात. सकाळी फजरची नमाज झाल्यावर मी चालायला निघतो, तेव्हाच हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटते. त्या हवेत एक गोड, जरासा आंबूस वास असतो. जाळीतून निसटलेला खजूर पायाखाली चिरडल्याचा. तो वास आला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. पलीकडेही खजुरीच आहेत. या मुलखात खजुरीला टाळून माणूस जाणार कुठे?

परवा इम्रान डबा घेऊन आला. "अब्बा, नवीन रुतब आलाय. चाळीस दिरहम, म्हणजे नऊशे रुपये झाले. एक तरी खाऊन बघा."

माझी नात झोया सोफ्यावरूनच म्हणाली, "दादा नेव्हर ईट्स देम."

"दात राहिले नाहीत गो आता," मी म्हटलं.

"बट यू जस्ट एट अ पेरू, दादा!"

इम्रान हसला, सूनबाई हसली, मीही हसलो. डबा मात्र मी उघडला नाही. रुतब म्हणजे अर्धा पिकलेला, अर्धा कच्चा खजूर. खालचं टोक मऊ, तपकिरी, आणि वरची बाजू अजून पिवळी, करकरीत. वर्षातून फार तर दोन महिने मिळतो. लोक त्याची वाट बघतात. मी तो संपायची वाट बघतो.

फार्मवर एक डॉक्टरबाई यायची. पुण्याची होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. अबुधाबीत अल रीम आयलंडवर ती नवरा-मुलाबरोबर राहायची आणि आठवड्यातले चार दिवस गाडी हाकत आमच्याकडे यायची. आफ्रिकेचा हत्ती काय खातो, किती खातो, त्यातलं अंगाला किती लागतं, आणि त्याच्यावर हत्तीण गाभण राहते कशी आणि पिल्लू सुखरूप होतं कशानं, हे शोधायचं तिचं काम. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "चाचा, लिहिता येतं का तुम्हाला?"

"चौथी पास आहे."

हे खरं नव्हतं. चौथीच्या परीक्षेच्या दिवशी मी बापाबरोबर होडीवर होतो. पण बाई म्हणाली, "मग मराठीतच लिहा. मला वाचता येतं." आणि तिनं मला एक जाड वही दिली. सकाळी किती किलो जत घातली, किती सुकं गवत, गाफच्या आणि बोरीच्या फांद्या किती, आणि संध्याकाळी उरलं किती. जत म्हणजे इकडची हिरवी वैरण, मेथीच्या भाजीसारखी दिसते. ती फार्मच्याच शेतात पिकायची, त्यामुळे तिचा हिशेब दुसरं कोणी ठेवत नव्हतं. तो माझ्या काट्यावर आणि माझ्या वहीत.

मी दुबईत देऱ्याच्या धक्क्यावर वीस वर्षं लाँचींचा माल तोललेला माणूस. काट्यावर माझा हात बसलेला. बाईनं एकदा बाहेरून आलेल्या साहेबलोकांना माझी वही दाखवली. पानभर मराठी आकडे बघून ते चक्रावले. बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, माझा सगळा अभ्यास या वहीवर उभा आहे." त्या दिवशी मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. पोट तसंच भरलेलं होतं.

हत्तीची लीद कोणी जवळून बघितली नसेल. तिला घाण वास येत नाही. भिजलेल्या पेंढ्याचा येतो. हत्ती जेवढं खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तसंच बाहेर टाकतो, त्यामुळे लिदीत सगळं दिसतं. फांदीचे तुकडे, साली, बिया, सगळं. बाई हातमोजे घालून उकिडवी बसायची आणि एकेक काडी वेगळी करून मोजायची. थोडी लीद आतल्या भागातून काढून पिशवीत घालायची आणि पिशवी बर्फाच्या पेटीत. त्यातून म्हणे हत्तिणीच्या पोटात काय चाललंय ते कळतं.

माझ्याबरोबर बशीर होता, केरळचा. तो मला हळूच म्हणायचा, "चाचा, मॅडम इतना पढ़ के गोबर गिनता है?"

"तू बिना पढ़े उठाता है. तेरे से तो अच्छी है," मी म्हणायचो.

आदल्या वर्षी, २०१८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला, बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. गाडीतून उतरता उतरता ओरडली, "चाचा, थोरली गाभण आहे! लिदीत आलंय."

"अल्हम्दुलिल्ला. कितवा चाललाय?"

"सहावा, सातवा. हत्तिणीला बावीस महिने लागतात, चाचा."

"बावीस! आमच्या बायका नवव्यात टेकीला येतात."

हसून झाल्यावर ती गंभीर झाली. म्हणाली, "आता हिला जपायचं. पण लाड नाहीत. तिकडे रानात ती दिवसभर चालते, तेव्हा तिला चार घास मिळतात. इथे चालणार कुठे? अंग वाढलं तर पिल्लू अडेल. गोड तर अजिबात नको. ना फळ, ना खजूर." हे तिनं मला पेढा हातात देऊन सांगितलं. मी मान हलवली. मला ऐकू आलं नव्हतं असं नाही.

कुंपणापलीकडे खजुरींची रांग होती. ऊन वाढत गेलं तसे त्यांचे घोस आधी हिरवे, मग पिवळे झाले, आणि थोरली दिवसातून दहादा त्या बाजूला जाऊन उभी राहायला लागली. सोंड वर करून वास घ्यायची. घोस हातभर लांब राहायचा. ती तशीच उभी, उन्हात, कान हलवत. पुढच्या दोन पायांच्या मधे, बाईमाणसासारखीच, तिची छाती भरत चाललेली दिसायची. मला वाटलं, हिला डोहाळे लागलेत.

आता हे कोणाला हसण्यासारखं वाटेल. पण आमच्याकडे हिंदू असो की मुसलमान, पोटुशीची इच्छा मारत नाहीत. मारली तर पोराचा कान वाहतो. माझी आई हे सांगायची, तिची आई सांगायची.

१९८४ साली माझ्या बायकोला, जैनबला, इम्रानचे दिवस गेले तेव्हा मी देऱ्यात होतो. एका खोलीत अकरा माणसं. तिनं शेजारच्या मुलीकडून पत्र लिहून घेतलं. त्यात शेवटी एक ओळ होती. इकडे सर्व आहे, फक्त ओला खजूर खावासा वाटतो. मी धक्क्यावर उभा राहून ते पत्र वाचलं. समोर टोपल्या भरून रुतब उतरत होता. गावचा एकजण त्याच आठवड्यात निघालेला. त्याच्याकडे मी कांबळं दिलं, टॉर्च दिली, बापाला घड्याळ दिलं. खजूर दिला नाही. बायकोच्या जिभेचे चोचले पुरवतो म्हणून खोलीतले लोक हसतील, एवढंच कारण. दुसरं काहीही नाही. इम्रानचा डावा कान आजही थंडीत वाहतो. लहानपणी त्याच्या कानात तेल घालताना आई दर वेळी म्हणायची, "डोहाळे राहिले." जैनब कधी एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो. २०१८ ला ती जाऊन तीन वर्षं झाली होती.

म्हणून मी थोरलीला पहिला खजूर दिला. खाली पडलेला, धूळ झटकून. आफ्रिकेच्या हत्तीच्या सोंडेला टोकाशी दोन बोटं असतात. त्या दोन बोटांनी तिनं तो माझ्या तळहातावरून असा उचलला, जशी बाई तांदळातला खडा उचलते. आणि मग तिच्या छातीतून एक घरघर निघाली. ती कानाला कमी आणि माझ्या बरगड्यांना जास्त कळली. त्या दिवशी मला वाटलं, कोणीतरी मला माफ केलं.

एकाचे पाच झाले, पाचाची ओंजळ झाली. हंगाम सरला तेव्हा सुक्या खजुराचं पोतं मी माझ्या खोलीत ठेवलं. दुसरा हंगाम आला, २०१९ चा, तेव्हा मी रोज घमेलं भरून देत होतो, कधी दोन. आणि बिया काढून देत होतो. हे मला लिहायलाच पाहिजे. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर खोलीच्या दाराशी बसून मी अंगठ्याच्या नखानं एकेक खजूर फोडायचो आणि बी बाजूला टाकायचो. मनात म्हणायचो, बी तिच्या दाढेला टोचेल. चार विटांएवढ्या दाढांच्या जनावराला खजुराची बी टोचेल! बिया लिदीत दिसल्या असत्या. बाईच्या बोटांना त्या सापडल्या असत्या. एवढंच त्याचं कारण होतं, आणि ते माझ्या नखाला माहीत होतं.

बशीरनं ते बघितलं. "चाचा, मॅडम मना किया ना? खजूर मत दो."

"तेरी शादी हुई है?"

"नहीं."

"तो चूप बैठ. तेरे को क्या समझेगा."

तो गप्प बसला. मी वयानं मोठा, म्हणून.

दर आठवड्याला दोघींना मोठ्या वजनकाट्यावर उभं करायचो. थोरलीचा आकडा चढत होता. बाई कागद घेऊन कोड्यात पडायची. नव्वद किलो वैरणीची तिनं पंच्याऐंशी केली, मग ऐंशी. तरी आकडा चढतोच. म्हणजे मी एका हातानं तिचा चारा काढत होतो आणि दुसऱ्यानं खजूर भरवत होतो. बाईनं मला विचारलं, "चाचा, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "काहींना पाणीसुद्धा अंगी लागतं, बाई."

ती खळखळून हसली. म्हणाली, "माझी सासू हेच म्हणते." तिचा माझ्यावर इतका विश्वास होता.

सप्टेंबरात थोरलीला कळा सुरू झाल्या. हंगाम संपत आलेला, खजुरींवर उरलेसुरले घोस काळे पडून वाळलेले. पहिला दिवस ती नुसती फेऱ्या मारत होती. भिंतीला कपाळ टेकायची, परत वळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उभी राहिली ती हललीच नाही. धाकटी शेजारच्या आवारातून सळयांमधून सोंड घालून तिच्या पाठीवर ठेवत होती. बाई आणि आणखी दोन डॉक्टर अंगावर ओतल्यासारख्या घामात काम करत होते. मी पाण्याचे पाइप धरले, चिंध्या दिल्या, जे सांगतील ते केलं. असरच्या सुमाराला पिल्लू बाहेर आलं. मोठं होतं, फारच मोठं. अंगावर तपकिरी केस. ते हललं नाही. थोरलीनं पायानं त्याला हळूच लोटलं, एकदा, दोनदा. मग सोंडेची ती दोन बोटं त्याच्या तोंडाशी नेली आणि तिथेच ठेवली.

बशीर माझ्याजवळ उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खलास, चाचा." तेवढंच. तो कोणाला काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मी अजून वागवतो.

आठवड्यानं बाई माझी वही घेऊन बसली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत. डोळे सुजलेले. मालक तिच्यावर चिडला होता. खाण्याचा तक्ता तिचा, तेव्हा चूकही तिचीच, असं त्यानं सगळ्यांसमोर सुनावलं होतं. ती मला म्हणाली, "चाचा, रागावू नका. वहीत काही सुटलंय का? कोणी काही बाहेरचं घातलं असेल, एखाद्या दिवशी?"

तो क्षण होता. दार उघडं होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. पण दोन साहेब उभे होते, बशीर उभा होता, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं, "बाई, तुम्ही जन्मल्या नव्हता तेव्हापासून मी काटा धरतोय. माझ्या वहीवर शंका असेल तर ही घ्या वही, दुसरा माणूस बघा."

बाई उठून उभी राहिली. हात जोडले. "माफ करा, चाचा. मी असं विचारायला नको होतं."

तिनं माझी माफी मागितली. मी ती घेतली. मान ताठ ठेवून घेतली.

मग तिनं तिथेच हिशेब मांडला. थोरलीला ऐंशी किलोही जास्त झाले, असं तिनं वहीवरून ठरवलं. धाकटीही तोवर गाभण असल्याचं लिदीतून कळलं होतं. बाईनं तिच्यासाठी नवा तक्ता लिहिला आणि भिंतीवर चिकटवला. नव्वदऐवजी अडुसष्ट किलो. "कठोर वाटेल, चाचा," ती म्हणाली, "पण हिचं पिल्लू जगवायचंय. बाकीच्या ठिकाणचे लोकही मला विचारतायत. इथे जे जमेल तेच त्यांना सांगणार."

मी वहीत तोवर खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. खरं ते गाळलं होतं. या दोन्हींत फरक आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. त्या संध्याकाळी तो फरक काही हाताला लागेना. धाकटीनं एकही खजूर खाल्ला नव्हता. तिचं अंग बरोबर होतं. नव्वद किलोच तिची भूक होती. आता पोटात पिल्लू घेऊन तिनं उपाशी राहायचं, कारण एका म्हाताऱ्याला "हो" म्हणता आलं नाही.

पुढचं सांगून टाकतो. २०२१ मध्ये धाकटी व्याली. पिल्लू जगलं. तासाभरात लटपटत उभं राहिलं, आपल्याच सोंडेवर पाय देऊन पडलं, परत उठलं. बाईची बदली तोवर दुसरीकडे झाली होती. तिचा फोन आला, ती रडत होती. "चाचा, अडुसष्ट किलोत सुखरूप! आता मी सगळीकडे हाच आकडा सांगते. तुमच्या वहीमुळे झालं हे." मी म्हटलं, "अल्लाची मेहरबानी." दर ईदला तिचा निरोप येतो. दर वेळी मी ठरवतो की या खेपेला सांगायचं. मग झोयाला म्हणतो, लिही, दुवा में याद रखना. फोनवर मला सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितोय. बाई मराठी वाचते. कुठल्या कुठल्या देशात कुठली गाभण हत्तीण या घडीला अडुसष्ट किलोवर सोंड आखडून उभी असेल, ते मला माहीत नाही. त्या आकड्याचं खरं असं आहे.

नवा तक्ता लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फजर पढून नेहमीच्या वेळेला वैरणीच्या शेडमध्ये गेलो. जत काट्यावर टाकली. अडुसष्टवर काटा थांबला तेव्हा ढीग इतका लहान दिसला की संध्याकाळची उरलेली वैरण वाटावी. धाकटी सळयांशी येऊन उभी होती. मी खिशातून मोबाइल काढला, बाईचं नाव काढलं, त्याच्यावर अंगठा धरला. मग मोबाइल परत ठेवला. काट्यावर आणखी जत टाकली, आणखी गवत टाकलं, नव्वद होईपर्यंत. गाडा ढकलत नेला आणि सगळं तिच्यापुढे रिकामं केलं. ती खायला लागली. मी उलट्या घमेल्यावर बसलो, वहीचं नवीन पान उघडलं, तारीख घातली, धाकटी असं लिहिलं, आणि पुढे लिहिलं, अडुसष्ट. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.